पिवळं दिसलं की फॉरसिथिया!

लिहायला बसलो होतो खरं तर दुसऱ्याच विषयावर. पण खिडकीतून मागच्या कुंपणाकडे नजर गेली आणि म्हटलं, हे एकदाचं लिहून टाकावं. तीन वर्षं मनात साठलंय.

झालं असं. मी न्यू जर्सीत एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खालच्या मजल्यावर मालकीणबाई. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या अंगणात कुंपणालगत झुडपांची एक रांग आहे. इथे आलो त्या पहिल्या फेब्रुवारीत, सगळीकडे गुडघाभर बर्फ असताना, त्या रांगेत काहीतरी पिवळं फुललेलं दिसलं. "वा" म्हटलं आणि परत लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. एप्रिलमध्ये पुन्हा पाहिलं तर रांग पिवळीधमक, एकही पान नाही, नुसती फुलं. हापिसात एकाला विचारलं. तो म्हणाला, "ते होय, फॉरसिथिया." झालं. माझ्या डोक्यात नोंद पक्की: कुंपणाजवळचं पिवळं म्हणजे फॉरसिथिया, फेब्रुवारी ते एप्रिल फुलतं. दोन निरीक्षणं आणि एक निष्कर्ष. एवढ्यावर मी कोडसुद्धा चेक-इन केलं नसतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मालकीणबाई म्हणाल्या, "ती फॉरसिथिया फार माजलीये, बुडापासून छाटून घ्यायला माणूस बोलवायला हवा." मी म्हटलं, माणूस कशाला, मी आहे की! त्या दोन दिवस बहिणीकडे गेल्या आणि मी शनिवारी मोठी कात्री आणि करवत घेऊन कामाला लागलो. पानं गळालेली, सगळ्या नुसत्या काठ्या. 'पिवळी फुलं येणारी' दोन्ही झुडपं जमिनीलगत साफ केली, काड्यांच्या मोळ्या बांधून रस्त्याकडेला ठेवल्या आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायलो.

रविवारी त्या परतल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग मला खाली बोलावून विचारलं, "डावीकडचंही तूच कापलंस का?" मी मोठ्या उत्साहात हो म्हटलं. "ते विच हेझेल होतं," एवढंच म्हणाल्या. नंतर हळूहळू कळलं की त्यांच्या यजमानांनी निवृत्त झाल्यावर ते लावलं होतं, अगदी खिडकीतून दिसेल अशा बेताने, कारण फेब्रुवारी महिना या बाईंना कधीच सोसला नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला केक खायला दिला.

आपल्याकडे काही मोडलं की आधी चूक कुठून शिरली ते शोधायचं, ही सवय. म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की या पिवळ्या झुडपांच्या बाबतीत चुकलेला मी पहिला नव्हे. माझ्या आधी चुकलेली मंडळी फार मोठी आहेत. त्यांनी झाड कापलं नाही एवढाच काय तो फरक.

पहिला मान कार्ल पीटर थुनबर्ग यांचा. हे स्वीडिश वैद्य, लिनियसचे शिष्य. त्यांना जपानातल्या वनस्पती पाहायच्या होत्या, पण त्या काळी जपानात युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना प्रवेश. मग हा गडी आधी आफ्रिकेच्या टोकाला केप वसाहतीत तीन वर्षं राहिला, तिथे डच भाषा पक्की केली आणि १७७५ साली डच कंपनीचा डॉक्टर म्हणून नागासाकीच्या देजिमा बेटावर उतरला. बेट कसलं, बंदरातला एक छोटासा भराव! तिथून बाहेर पडायलाही परवानगी लागे. अशा अवस्थेत जमवलेल्या माहितीवर त्याने १७८४ साली 'फ्लोरा जापोनिका' हा ग्रंथ छापला. त्यात जपानी बागांमधलं एक लोंबत्या फांद्यांचं झुडूप आहे. पाकळ्या चार, खाली जुळून नळी झालेली, फांदीवर समोरासमोर जोड्या. थुनबर्गने त्याला सरळ 'सिरिंगा' म्हणजे लायलॅकच्या खात्यात टाकलं. लायलॅकची फुलं जांभळी नाहीतर पांढरी आणि सुगंधी, हे पिवळं आणि बिनवासाचं. पण रचना बघितली तर चूक अगदीच अडाणीपणाची नाही. दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत. त्याच कुळात ऑलिव्ह आहे, आणि आपली जाई, जुई, मोगरा, कुंद, झालंच तर पारिजातकसुद्धा. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला परकं झुडूप समजत होतो ते आईच्या परसातल्या मंडळींचं चुलत भावंड निघालं.

ही चूक दुरुस्त केली कोपनहेगनच्या मार्टिन व्हाल यांनी, १८०४ साली. त्यांनी हे झुडूप लायलॅकमधून बाहेर काढून त्याला स्वतंत्र नाव दिलं, फॉरसिथिया. आता गंमत बघा. हे नाव आधीच घेतलेलं होतं! १७८८ मध्ये थॉमस वॉल्टर यांनी कॅरोलिनातल्या एका भलत्याच वेलीला फॉरसिथिया म्हटलं होतं. आमच्या भाषेत नेमस्पेस क्लॅश. वॉल्टरच्या वेलीला अजून आधीचं, लिनियसचं नाव असल्याचं निघालं, आणि पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी व्हाल यांचं नाव खास ठराव करून राखून ठेवलं.

पण दोघांनी ज्याचं नाव दिलं तो फोर्साइथ कोण? (त्याच्या नावाचा उच्चार फोर्साइथ, म्हणून इंग्लंडात काही जण अजून 'फोरसायथिया' म्हणतात. अमेरिकेत तसं म्हटलं तर लोक तोंडाकडे बघतात.) तर विल्यम फोर्साइथ, जन्म १७३७, स्कॉटलंडचा माळी. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनचा प्रमुख झाला, मग १७८४ पासून राजा तिसरा जॉर्ज याच्या केन्सिंग्टन आणि सेंट जेम्स इथल्या बागांचा मुख्य. इथपर्यंत सगळं सरळ. पण त्या काळात इंग्लंडला वेगळीच चिंता होती. आरमाराची जहाजं ओकच्या लाकडाची, आणि जंगलातले जुने ओक पोखरलेले, किडलेले. फोर्साइथने जाहीर केलं की माझ्याकडे एक लेप आहे. झाडाचा सडका भाग खरवडून हा लेप लावला की पोकळ खोड भरून येतं आणि लाकूड पहिल्यासारखं ठणठणीत होतं. पार्लमेंट हललं. कमिटी बसली, बागा पाहून आली. लेपाची कृती लोकांसाठी उघड करण्याच्या बोलीवर फोर्साइथला १५०० पौंड मिळाले. १५०० पौंड म्हणजे तेव्हा चैनीची गोष्ट!

कृती छापून आली. ती अशी: एक माप गाईचं ताजं शेण, अर्धं माप जुन्या घराच्या चुन्याचा चुरा (खोल्यांच्या छताचा असल्यास उत्तम), अर्धं माप लाकडाची राख, आणि मापाचा सोळावा हिस्सा वाळू.

मी हे वाचून खुर्चीतच हसत सुटलो. शेण, चुना, राख आणि वाळू! माझं आजोळ रत्नागिरीकडचं. माझ्या आजीने हे मिश्रण पंधराशे पौंडांत नव्हे, एक कप चहात करून दिलं असतं, वर अंगणही सारवून दिलं असतं. :)

अर्थात सगळेच भुलले नाहीत. थॉमस अँड्र्यू नाइट नावाच्या फळझाडांच्या मोठ्या जाणकाराने सरळ म्हटलं की मेलेलं लाकूड परत जिवंत होत नाही, हे सगळं थोतांड आहे. छापील भांडण पुष्कळ झालं. नाइटचं म्हणणं बरोबर होतं. झाड फार तर कडेने नवी साल वाढवून जखम झाकून घेतं, सडलेला गाभा परत येत नाही. ते भांडण मिटायच्या आत, जुलै १८०४ मध्ये, फोर्साइथ वारला. त्याच वर्षी, डिसेंबरात, व्हालही गेले. फोर्साइथचा लेप लोक विसरले, आणि त्याने बहुधा कधीही न पाहिलेल्या एका चिनी झुडपावर त्याचं नाव कायमचं बसलं.

त्या वर्षाची अजून एक नोंद महत्त्वाची आहे. ७ मार्च १८०४ रोजी लंडनच्या पिकॅडिलीत हॅचर्ड्स या पुस्तकाच्या दुकानात सात माणसं जमली आणि त्यांनी हॉर्टिकल्चरल सोसायटी काढली, तीच पुढची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी. त्या सातांपैकी एक फोर्साइथ. (आणि १८११ मध्ये तिचा अध्यक्ष कोण झाला? नाइट!) याच सोसायटीने पुढे १८४३ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या तरुण स्कॉटिश माळ्याला चीनला पाठवलं. पहिलं अफूचं युद्ध नुकतंच संपलं होतं आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने काही बंदरं इंग्रजांना उघडी झाली होती. पगार वर्षाला १०० पौंड. सोबत काचेच्या बंद पेट्या, ज्यांना वॉर्डियन केस म्हणतात. त्यात रोपं ठेवली की आतलाच ओलावा आत फिरत राहतो आणि खाऱ्या वाऱ्यातून महिनोन्‌महिने प्रवास करूनही रोपं जगतात.

फॉर्च्यूनने पाठवलेल्या रोपांमध्ये दोन पिवळी झुडपं होती. एक फॉरसिथियाचीच नवी जात, हिरव्या सालीची. दुसरं विंटर जास्मिन, म्हणजे हिवाळ्यातली जाई म्हणू. दोघांचं शास्त्रीय वर्णन जॉन लिंडली यांनी १८४६ साली सोसायटीच्या नियतकालिकाच्या एकाच, पहिल्याच खंडात छापलं. म्हणजे जी दोन झुडपं आजही सर्रास एकमेकांच्या नावाने ओळखली जातात, ती युरोपात आली एकाच माणसाच्या हातून आणि छापली गेली एकाच पुस्तकात. आणि घोळ घालायला माणसाला अजून काय हवं?

वास्तविक फरक सोपा आहे. फुलाच्या पाकळ्या मोजायच्या. चार असतील तर फॉरसिथिया, पाच किंवा सहा असतील तर जास्मिन. फुलं नसतील तर काडी बघायची. जास्मिनची काडी भर हिवाळ्यातही गडद हिरवी आणि बोटात फिरवली तर चौकोनी लागते. बागेत नेहमी दिसणाऱ्या फॉरसिथियाची काडी मातकट पिवळी-तपकिरी, वर बारीक पुटकुळ्या, आणि उभी चिरली तर आत पोकळ किंवा जिन्यासारखे पडदे. जाईच्या कुळातलं म्हणून मी मोठ्या आशेने विंटर जास्मिनच्या फुलाला नाक लावलं होतं. काही नाही! फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "वास नाही तर ती जाई कसली?" आमच्या मातोश्री जाई, जुई, सायली आणि चमेली डोळे मिटून ओळखतात. हा गुण माझ्यात का उतरला नाही कोण जाणे. चिनी लोकांना मात्र हा घोळ कधी पडला नसावा. त्यांच्याकडे जास्मिनचं नाव 'यिंगचुन', म्हणजे वसंताचं स्वागत करणारी, आणि फॉरसिथिया म्हणजे 'ल्यानछ्याव', जिचं सुकं फळ त्यांच्या वैद्यकात जुन्या काळापासून तापावर वापरतात. एक बागेतली, एक बटव्यातली.

फॉर्च्यूनबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण आपला त्याच्याशी रोज सकाळी संबंध येतो. १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला पाचपट पगारावर पुन्हा चीनला धाडलं, चहाची रोपं आणि चहा करणारे कारागीर पळवून आणायला. डोकं भादरून, शेंडी लावून, चिनी कपडे घालून तो परदेशी माणसाला बंदी असलेल्या मुलखात हिंडला, आणि १८५१ मध्ये हजारो रोपं वॉर्डियन पेट्यांतून कलकत्त्याला व तिथून सहारनपूरमार्गे हिमालयाच्या उतारांवर पोचली. (आसामचा चहा मात्र मूळचा तिथलाच, त्याचं श्रेय फॉर्च्यूनला देऊ नये.) पण मला यात आवडलेली गोष्ट वेगळीच. लिनियसने काळा चहा आणि हिरवा चहा या दोन वेगळ्या जाती म्हणून १७६२ मध्ये नोंदवल्या होत्या. फॉर्च्यूनने प्रत्यक्ष मळ्यात जाऊन पाहिलं आणि सांगितलं की झाड एकच आहे, फरक फक्त पानं खुडल्यानंतर काय करता त्याचा. म्हणजे ज्या माणसाच्या पेट्यांमधून एकसारखी दिसणारी दोन वेगळी झुडपं आली, त्यानेच वेगळ्या वाटणाऱ्या दोन गोष्टी एक असल्याचं दाखवून दिलं. आणि दोन्ही वेळा युक्ती तीच होती, नुसतं फूल किंवा नुसता कप न बघता अख्ख्या झाडाजवळ जाऊन उभं राहायचं.

आपण बागांमध्ये बघतो ती फॉरसिथिया या सगळ्यानंतरची. जपानातून आलेली लोंबती आणि फॉर्च्यूनची हिरवी, अशा दोघींचा आपसूक झालेला संकर १८७८ मध्ये जर्मनीत गटिंगेनच्या बागेत आढळला. हल्लीच्या बहुतेक झगझगीत जाती त्याच वंशातल्या. पुढची हकीकत मला फारशी रंजक वाटली नाही. अजून मोठी फुलं, अजून पिवळी फुलं, एवढंच.

आता माझ्या मूळ गुन्ह्याकडे येतो, विच हेझेलकडे. हे फॉरसिथियाचं नात्यातलंही नाही. याच्या चार पाकळ्या म्हणजे चार चुरगळलेल्या फिती, मोसंबीची साल बारीक किसून झाडाला चिकटवावी तशा. कडाक्याची थंडी पडली की त्या गुंडाळून घेतात, ऊन आलं की परत सोडतात. कळ्या फांदीवर समोरासमोर नाहीत, एक इकडे एक तिकडे. एवढं जरी मला त्या शनिवारी माहीत असतं तरी हात थांबला असता, कारण कळ्यांची जागा पानं गळाल्यावरही तशीच दिसते.

'विच' या शब्दाचा चेटकिणीशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत लवचीक फांदीला तसा शब्द होता. पण याची बेचकी घेऊन जमिनीखालचं पाणी शोधणारे पाणाडे इथेही होते, तेव्हा चेटूक अगदीच नाही असं नाही. उत्तर अमेरिकेतली मूळची जात तर भर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पानं गळताना फुलते. तिच्या काड्या उकळून काढलेला अर्क इथले मूळ रहिवासी सूज आणि जखमांवर लावत. १८४६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या यूटिका गावच्या थेरॉन पाँड नावाच्या औषधवाल्याने असाच अर्क बाटलीत भरून विकायला काढला, 'पाँड्स एक्स्ट्रॅक्ट'. हो, तेच पाँड्स! आपल्या घरोघरी आरशासमोर असलेल्या पावडरच्या डब्याची वंशावळ या झुडपाशी जाऊन पोचते.

फेब्रुवारीत फुलणारी विच हेझेल मात्र मुख्यतः आशियातली किंवा तिच्या संकरातली. आणि तिची गोष्ट ऐकून मला फार बरं वाटलं. चार्ल्स मेरीज नावाचा इंग्रज, लंडनच्या व्हीच या नामांकित नर्सरीसाठी चीन-जपानात रोपं गोळा करायचा. १८७९ मध्ये त्याने चीनमधून, यांगत्से नदीकाठच्या भागातून एक विच हेझेल पाठवलं. मोठी, सोनेरी, सुगंधी फुलं. नर्सरीने ते आपल्या कूम वुडच्या जागेत लावलं आणि आधीपासून माहीत असलेल्या जपानी विच हेझेलचा जरा बरा नमुना म्हणून सोडून दिलं. पाटी चुकीची. १८८८ मध्ये क्यूच्या प्रसिद्ध बागेत डॅनियल ऑलिव्हर यांनी ऑगस्टीन हेन्रीने चीनमधून पाठवलेल्या सुक्या नमुन्यावरून ही वेगळी जात असल्याचं छापलंसुद्धा, 'हॅमामेलिस मॉलिस'. कूम वुड तिथून काही मैलांवर! कागदावर नवी जात, आणि जिवंत झाड शेजारच्या गावात दुसऱ्याच नावाने दर हिवाळ्यात फुलतंय. शेवटी क्यूचे क्युरेटर जॉर्ज निकल्सन एकदा तिथे गेले आणि त्यांनी ते ओळखलं. तोवर वीसेक वर्षं गेली होती. देशातली सर्वांत जाणती नर्सरी वीस वर्षं चुकीची पाटी वाचत होती, मग मी एका शनिवारी चुकलो तर... असो. त्यांनी झाड कापलं नव्हतं, हे वर म्हटलंच आहे.

मेरीजचं पुढे काय झालं? ऐकाल तर थक्क व्हाल. तो १८८२ मध्ये हिंदुस्थानात आला. आधी दरभंग्याच्या महाराजांकडे आणि मग चक्क ग्वाल्हेरला, शिंदे सरकारच्या बागांवर. तिथे त्याने नाद लावून घेतला आंब्यांचा. इथल्या कलमी आंब्यांच्या जाती, त्यांच्यातले फरक, नोंदी. १९०२ मध्ये तो ग्वाल्हेरलाच वारला. ज्याचं विच हेझेल वीस वर्षं ओळखू आलं नाही, तो मराठ्यांच्या राजधानीत बसून एका आंब्यातून दुसरा वेगळा काढत होता!

आंब्यावरून आठवलं, आणि इथेच माझी खरी गोची आहे. माझ्या मालकीणबाईंचं झाड होतं 'अर्नोल्ड प्रॉमिस' नावाचं. बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये १९२८ साली चिनी विच हेझेलचं बी पेरलं, त्यातून शेजारच्या जपानीशी संकर झालेली रोपं निघाली. त्यातलंच एक निवडून १९६३ मध्ये हे नाव दिलं. अशी निवडक झाडं बियांनी तशीच उतरत नाहीत, म्हणून त्यांची कलमं बांधतात, आणि खुंट बहुतेक वेळा अमेरिकन, शरदात फुलणाऱ्या जातीचा असतो.

कापल्यानंतरच्या मे महिन्यात बुंध्यातून भराभर फुटवे आले तेव्हा मी आनंदाने नाचायचा बाकी होतो. मालकीणबाईंना दाखवलं, त्याही हसल्या. रत्नागिरीला मामाला फोनवर सांगितलं. मामाने एकच प्रश्न विचारला, "कलमाच्या वर कापलंस की खाली?" मी खाली जाऊन मोबाइलचा दिवा लावून बघितलं. खाली. सगळे फुटवे खुंटाचे. मामा म्हणाला, "म्हणजे हापूस गेला, आता रायवळ." आजोळी आंब्याची कलमं बांधताना लहानपणापासून बघितलेला मी, आणि हे मला रत्नागिरीहून कळावं लागलं.

फॉरसिथिया मात्र वाचली. तिला फूल येतं ते आदल्या उन्हाळ्यात वाढलेल्या काडीवर, म्हणून पहिल्या वसंतात काहीच नाही आणि दुसऱ्या वसंतात परत पिवळीधमक, जणू काही झालंच नाही. छाटायची तर फुलं ओसरल्या ओसरल्या छाटावी, नोव्हेंबरात नव्हे, हेही आता पाठ झालं.

या नादात अजून दोघांची ओळख झाली. एक कॉर्नेलियन चेरी. मार्चमध्ये अगदी बारीक पिवळ्या फुलांचे झुबके येतात, लांबून धुकं वाटावं असे, आणि पुढे लाल आंबट फळं. होमरच्या 'ओडिसी'त सर्सी डुकरं बनवलेल्या खलाशांना हीच फळं टाकते. लाकूड इतकं कठीण की ग्रीक लोक त्याचे भाले करत. दुसरं स्पाइसबुश, इथलंच, जंगलात ओढ्याकाठी. त्याचीही फुलं तशीच बारीक, पण काडी नखाने खरवडली की झणझणीत मसाल्याचा वास. वास येणारच, दालचिनी आणि तमालपत्राच्या कुळातलं ते. आता मी मार्चमध्ये फिरायला गेलो की काड्या खरवडत चालतो. बरोबर असलेल्या मित्रांनी यायचं बंद केलंय.

दुसऱ्या वसंतात मी एका नर्सरीतून 'अर्नोल्ड प्रॉमिस'चं गुडघ्याएवढं कलम आणलं. पाटी दोनदा वाचली, कळ्या बघितल्या, कलमाची गाठ बोटाने चाचपली, दुकानदार कंटाळेपर्यंत. खिडकीतून दिसेल अशा जागी मालकीणबाईंनी स्वतः काठी रोवून दाखवली, तिथे लावलं. जुन्या खुंटाचे फुटवे मी काढून टाकणार होतो, पण त्यांनी काढू दिले नाहीत. "त्याच्या मुळ्या तर माझ्या नवऱ्यानेच लावल्या होत्या ना?" म्हणाल्या. गेल्या ऑक्टोबरात त्या रायवळाला पहिल्यांदा फुलं आली, पिवळ्या पडलेल्या पानांत लपलेली, बारीक फितींची.

आणि या फेब्रुवारीत नव्या कलमाला. मी वरच्या खिडकीतून मोजली आणि खाली जाऊन सांगितलं, अकरा आहेत. मालकीणबाई खिडकीशी कॉफी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "बारा. एक खालच्या फांदीला आहे, तुला वरून दिसत नाही."